तोहेबाबा लेकीकडे निघाले

बल्लारपूरच्या माणसाला समुद्राची ओढ असायचं काही कारण नाही. आमच्याकडे कोळसा आहे, सागवान आहे, बांबू आहे आणि मे महिन्यात 47 अंशांचं ऊन आहे. समुद्र तेवढा नाही. ज्याला तो पाहायचाच असतो तो रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठतो आणि चौपाटीवर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून येतो. खरं तर नकाशावर पट्टी ठेवली, तर आमच्या जवळचा समुद्र मुंबईचा नव्हेच. मछलीपट्टणम किंवा काकीनाडा सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबई त्याच्या दीडपट लांब. ही गोष्ट गावाला ठाऊक नसली तरी गावाला खेटून वाहणाऱ्या वर्धेला ठाऊक आहे. ती मुकाट्यानं आग्नेयेला जाते, चपराळ्यापाशी वैनगंगेला भेटते, तिथून प्राणहिता हे नाव घेऊन सिरोंच्याला गोदावरीत शिरते आणि बंगालचा उपसागर गाठते. नदी एका दिशेनं समुद्राकडे आणि गावकरी नेमके उलट दिशेनं, असा आमचा जुना शिरस्ता आहे.

आम्ही दोघं मात्र यापैकी कुठल्याच समुद्राकडे गेलो नाही. आमची लेक ऑकलंडला असते. ‘या वयात कुठं चालले जी एवढ्या लांब?’ असं शेजारीपाजारी, औषधवाला, पेन्शनच्या रांगेतले सोबती अशा सगळ्यांनी विचारून झालं. माझ्या गुडघ्यांची चर्चा माझ्यासमोरच झाली. त्यात कोणीतरी न्यूझीलंडमध्ये भूकंप होतात अशी माहिती पुरवली. हिनं या सगळ्याला एकच उत्तर दिलं: जवसाची चटणी कुटायला घेतली.

त्या चटणीवरून ऑकलंडच्या विमानतळावर थोडं नाट्य झालं. तिथं खाण्याची वस्तू न सांगता आणली तर जागेवर 400 डॉलर दंड. हिनं तो नियम इतका मनावर घेतला की फॉर्मवर चटणी, कुरड्या, सरगुंडे, पर्समधली बडीशेप, एवढंच काय विमानात मिळालेलं बिस्किटसुद्धा लिहिलं. एक गुणी बीगल कुत्रा आमच्या बॅगेपाशी येऊन बसला तो उठेचना. त्याला जवस आवडलं असावं. अधिकारी बाईंनी डबा उघडला, हुंगला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि हसून परत दिला.

जावयाचा बेत असा होता की डिसेंबरच्या सुट्टीत देशाच्या पार वरच्या टोकापर्यंत जायचं. नकाशात पाहिलं तर उत्तर बेटाच्या डोक्यावर एक लांबुळकी अरुंद जमीन निघून समुद्रात शिरलेली दिसते. तिला औपोउरी द्वीपकल्प म्हणतात. कैताइया नावाच्या छोट्या गावापासून वर शंभरेक किलोमीटर जा, डावीकडे टास्मानचा समुद्र, उजवीकडे प्रशांत महासागर आणि मधली जमीन बऱ्याच ठिकाणी दहा किलोमीटरसुद्धा रुंद नाही.

माओरी लोकांच्या लेखी ही माशाची शेपटी आहे. मावी नावाचा त्यांचा एक उचापती पूर्वज होता. भाऊ मासेमारीला नेईनात म्हणून होडीत लपून गेला आणि आजीच्या जबड्याच्या हाडाचा गळ टाकून त्यानं थेट समुद्राच्या तळातून एक अवाढव्य मासा ओढला. तो मासा म्हणजेच हे उत्तर बेट. वेलिंग्टनकडे डोकं, इकडे शेपूट. मावी देवांची समजूत काढायला गेला आणि ‘मी येईस्तोवर हात लावू नका’ असं सांगून गेला, तर भावांनी लगेच सुऱ्या काढून वाटण्या सुरू केल्या. त्या भोसकाभोसकीतून इथले डोंगर आणि दऱ्या झाल्या. भाऊबंदकीतून जमिनीचे तुकडे होतात हे मला सातबाऱ्यावरून माहीत होतं. अख्ख्या देशाचा भूगोल त्यातून तयार झालेला प्रथमच ऐकला.

कैताइयाच्या जवळ अवानुई म्हणून गाव आहे. त्या बाजूच्या दलदलीतून कौरी नावाच्या झाडांचे गाडले गेलेले ओंडके निघतात. मी बल्लारपूरचा, म्हणजे लाकूड दिसलं की आपसूक हात फिरवणारा. आमच्या डेपोतलं सागवान 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मिरवणुकीनं गेलं, तेव्हा गावानं रस्त्यावर रांगोळ्या काढल्या होत्या. त्या तोऱ्यात मी एका ओंडक्यावर टिचकी मारून जावयाला विचारलं, ‘किती वर्षांचं असेल?’ मला दोनशे-तीनशे ऐकायचं होतं. तो म्हणाला, ‘45,000.’ पाण्याखाली, चिखलात, हवेविना राहिल्यानं ते कुजलंच नाही. अजूनही रंधा मारला की मधासारखा रंग येतो. मी हात काढून घेतला. आमच्या सागवानाविषयी त्या दिवशी मी पुढं काही बोललो नाही.

रस्त्याच्या कडेनं लांबवर पाइनची लागवड आहे. उडती रेती रोखायला ती सरकारनं केली. कागद कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला जंगल नुसतं पाहता येत नाही. मी खिडकीतून या पाइनचा लगदा किती निघेल, तंतू किती लांब भरेल याचा हिशेब करत बसलो होतो. नातीनं विचारलं, ‘आबाजी, काय बघता?’ म्हटलं, ‘वह्या.’

टोकाला नेणारी बस सकाळी कैताइयावरून निघते. समुद्राच्या वाळूवर भाड्याची गाडी घालायला गाडीवाले परवानगी देत नाहीत, म्हणून बरेच जण बस पकडतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून बस एका वाटेनं जाते आणि दुसरीनं येते. आमची जाताना डांबरी रस्त्यानं होती. चालक माओरी होता, साठीचा, खांदे दरवाजाएवढे आणि आवाज मऊ. सगळा प्रवासभर तो बोलत होता. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळे, उरलेलं लेक कानात सांगे आणि हिला मी सांगे. तिसऱ्या हाती पोचेपर्यंत काही कथांमध्ये आमच्याकडचा मीठमसाला पडला असणं शक्य आहे.

टोकाचं नाव ते रेरेंगा वाइरुआ. नकाशावर केप रेइंगा. एक पांढरं ठेंगणं दीपगृह आहे, 1941 मध्ये लागलेलं. 1987 पर्यंत तिथं माणूस राहायचा, आता दिवा आपला आपण लागतो. शेजारी एक खांब आहे, त्यावर लंडन, टोकियो, सिडनी अशा गावांच्या दिशा आणि अंतरं दाखवणाऱ्या पिवळ्या पाट्या आहेत. आमच्या स्टेशनचं नाव, बल्लारशा, नाही. एरवी हे जंक्शन सगळीकडे असतं. आणखी एक गंमत म्हणजे देशाचं सर्वांत उत्तरेचं टोक हे नव्हेच. ते पूर्वेला थोडं पलीकडे, सर्व्हिल कडे म्हणून आहेत तिथं. पण लोक इथंच येतात, कारण मेलेले लोकही इथंच येतात.

माणूस वारला की त्याचा आत्मा देशात कुठंही असला तरी उत्तरेची वाट धरतो. लांब किनाऱ्यानं चालत येतो, वाटेत पात्यांना, गवताला गाठी मारून आपल्या जाण्याची खूण ठेवतो, एका ओढ्यावर पाणी पिऊन शुद्ध होतो आणि या टोकावर पोचतो. खाली, अगदी लाटांवर झुकलेल्या खडकाला एक म्हातारं पोहुतुकावाचं झाड चिकटलेलं दिसतं. आठशे वर्षांचं असावं म्हणतात. डिसेंबर म्हणजे पोहुतुकावाचा महिना. येताना सगळा किनारा लालभडक होता, आमच्याकडे फाल्गुनात पळसानं रान पेटतं ना, तसा. हे एक झाड मात्र कधी फुलत नाही, असं तिथले लोक सांगतात. त्याच्या मुळावरून आत्मा घसरत पाण्यात उतरतो, दूर समुद्रातल्या थ्री किंग्ज बेटांपैकी ओहाउच्या माथ्यावर एकदा वर येतो, मागे वळून देशाकडे शेवटचं पाहतो आणि पूर्वजांच्या हवाइकीला जातो. त्या बेटांना हे नाव आबेल टास्मान या डच खलाशानं 1643 मध्ये दिलं. आत्मे त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं थांबत होते.

मला एकदम चंद्रपूरचा परकोट आठवला. गोंड राजांच्या त्या कोटाला चार दरवाजे आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. आणि पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. खिडकी म्हणजे माणूस वाकून जाईल असा छोटा दरवाजा. गावात राजा जटपुऱ्यातून येवो की बिनब्यातून, शेवटची बाहेर पडायची सोय मसाण खिडकीनं. सगळ्या गावाला मिळून एक. ही जागा मला या संपूर्ण देशाची मसाण खिडकी वाटली. फरक इतकाच की आमची खिडकी कोटाच्या भिंतीत आहे आणि आजूबाजूला घरं दाटली आहेत. यांची उघड्या वाऱ्यावर आहे आणि वारा असा की ही माझा स्वेटर धरून उभी होती. स्वेटरच्या आत मी होतो हा योगायोग.

हिनं पिशवीतून पोळी-चटणीचा डबा काढला तेव्हा लेकीनं घाईघाईनं झाकण लावलं. ही पवित्र जागा, इथं खाणंपिणं करू नये अशी तिथल्या लोकांची विनंती आहे. हिला हे लगेच पटलं. ‘बरोबर आहे. मसणात कोणी जेवते काय?’ पुढचा तास तिनं त्या जागेचा जो मान राखला तो पाहून दोन परदेशी मुलांनीसुद्धा वेफर्सची पाकिटं खिशात घातली.

कड्यावरून खाली पाहिलं की समुद्रात एक पांढरी, खळाळती रेघ दिसते. टास्मान आणि प्रशांत तिथं एकमेकांवर आदळतात. माओरी कथेत एक पुरुषाचा समुद्र, रेहुआचा. दुसरा स्त्रीचा, फितिरेइयाचा. दोघांच्या भेटीतून जीव निर्माण होतो. म्हणजे मरणाची वाट आणि जन्माची जागा एकाच कड्याखाली. हे ऐकून मला परकं काहीच वाटलं नाही, कारण आमच्या वर्धेचा प्रवासही अशाच जागी पोचतो. सिरोंच्याच्या समोर, पलीकडच्या काठावर कालेश्वर आहे. प्राणहिता आणि गोदावरीचा संगम. तिथल्या देवळात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत, एक शंकराचं आणि दुसरं यमाचं. कथा अशी की शंकर आल्यागेल्या सगळ्यांना मुक्ती देऊ लागला, तेव्हा यमाला काम उरेना. तो तक्रार घेऊन गेला. शंकरानं त्याला आपल्याच शाळुंकेवर जागा दिली, वर आधी तुझी पूजा, मग माझी, असंही ठरवून दिलं. कामगार आयुक्तांकडेसुद्धा तडजोड इतकी झटपट होत नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचा पुष्कर मेळा झाला तेव्हा आम्ही सिरोंच्याला डुबकी मारून आलो होतो. दोन पाणी मिळतात तिथं माणसं मेलेल्यांची आठवण काढतात. तिथं दोन नद्या होत्या, इथं दोन समुद्र, पण बायकांच्या डोळ्यांत पाणी तेवढंच.

परतीच्या वाटेवर ते पाकी नावाच्या रेतीच्या टेकड्या लागतात. शेकडो फूट उंच, पिवळ्या. लोक फळीवर पालथं पडून वरून खाली घसरतात. ही आमच्यासोबत नुसती बघायला आली होती. मी गुडघ्यांचं कारण सांगून बसच्या सावलीत उभा राहिलो. दहा मिनिटांनी टेकडीच्या माथ्यावर नातीच्या शेजारी एक नऊवारी दिसली. पुढचं फार वेगानं झालं. खाली आल्यावर केसांतली रेती झटकत ही म्हणाली, ‘काऊन जी, एवढं काही नाही त्यात. एकदा जाऊन पाहा.’ मग स्वतःच पुन्हा वर गेली.

त्यानंतर बस ओढ्यात उतरली. खरोखरच ओढ्यात, कारण किनाऱ्यावर जायला ते पाकीचा ओढा हाच रस्ता आहे. खाली दलदलीची रेती, म्हणून बस थांबवायची नाही. थांबली की रुतली. चालकानं तोंडानं गोष्टी आणि पायानं गाडी असं दोन्ही न थांबता चालू ठेवलं. आणि मग समोर तो किनारा उघडला.

नाव नाइंटी माइल बीच. लांबी 88 किलोमीटर, म्हणजे 55 मैल. मधले 35 मैल कुठं गेले याचा एक खुलासा सांगतात. जुन्या काळचे मिशनरी घोड्यावरून जात. घोडा दिवसाला 30 मैल चालतो आणि किनारा पार करायला 3 दिवस लागले, म्हणून 90. रेतीत घोड्याचा पाय आत जातो हा हिशेब कोणी धरलाच नाही. कागदावर असं पुष्कळ चालतं. ओली घट्ट रेती ओहोटीत डांबरासारखी होते. 1932 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन स्मिथनं इथंच मोटारीच्या वेगाचा विक्रम करून दाखवला. हा किनारा कायद्यानं रस्ताच आहे. वेगाची मर्यादा आहे, पाट्या आहेत, फक्त दिवसातून दोनदा समुद्र येऊन तो रस्ता काढून नेतो.

या किनाऱ्याचं खरं नाव ते ओनेरोआ आ तोहे, आणि इथं चालकानं सांगितलेली गोष्ट मला सगळ्या प्रवासात सर्वांत भिडली. तोहे हा या भागातला पूर्वज. त्याची लेक लग्न होऊन दक्षिणेला, दूर कैपाराकडे दिलेली. तोहे म्हातारा झाला. मरण्याआधी एकदा लेकीला भेटावं असं त्याच्या मनानं घेतलं. गावकरी नको म्हणाले. वय झालंय, वाट लांब आहे, मधे शत्रू आहेत. म्हातारा ऐकेना. एक सेवक घेऊन निघाला आणि हाच किनारा धरून दक्षिणेला चालत राहिला. चालताना वाटेतल्या प्रत्येक ओढ्याला, खडकाला, टेकडीला काहीतरी घडलं त्यावरून नाव देत गेला. शंभरावर जागांची नावं त्याच्या त्या वाटेवरची आहेत. लेकीच्या गावापर्यंत मात्र पोचला नाही. आधीच वाटेत वारला.

बसमध्ये थोडं शांत झालं. ही खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘रस्ताभर नावं ठेवत गेला, म्हणून उशीर झाला. यांचंही तसंच आहे.’ लेक हसता हसता रडली का रडता रडता हसली ते मला मागच्या बाकावरून नीट दिसलं नाही.

मला त्या म्हाताऱ्याचं कौतुक वाटत होतं. राजे शहरं वसवतात तेव्हा शिल्पकार, कामगार, खजिना लागतो, आणि तरीही आमच्या चंद्रपूरच्या कोटाची रेघ आखली ती एका सशानं. बल्लारपूरच्या गादीवरचा खांडक्या बल्लाळशा शिकारीला गेला असता कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला. ससा कुत्र्याच्या मागे, हे नीट वाचा. ज्या वेड्यावाकड्या वाटेनं तो धावला तिथून कोट बांधावा असं राणीनं सुचवलं आणि राजधानी आमच्या गावातून उठून चांद्याला गेली, अशी कथा. बल्लारपूरचा माणूस म्हणून त्या सशाबद्दल माझं मत वेगळं आहे, ते असो. पण कुठं सशाची धाव, कुठं म्हाताऱ्याची पायपीट, जमिनीवर नावं आणि रेघा उमटतात त्या अशाच. सर्वेक्षण खात्याचे लोक साखळी घेऊन पुष्कळ नंतर येतात. आणि लेकीला भेटायला निघालेला बाप तर वाटेत काही ना काही नोंदतोच. आमच्या वेळी नागपूर, दिल्ली, सिंगापूर असं करत आलो, तेव्हा मीही हिला प्रत्येक विमानतळावर संडास कुठं आहे ते सांगत आलो होतो. शंभर जागा मात्र भरणार नाहीत.

या किनाऱ्याचा कारभार आता तोहेच्या वंशजांच्या हातीही आहे, असं चालकानं सांगितलं. 2015 मध्ये त्यांच्या संसदेनं कायदे केले आणि किनाऱ्याची देखरेख इथल्या माओरी जमाती आणि स्थानिक परिषदा यांच्या मंडळाकडे आली. मी त्याला आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल सांगितलं. 2009 मध्ये त्या गोंडांच्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू विकायचा वाहतूक परवाना खुद्द ग्रामसभेच्या हाती आला, तोवर बांबू झाड की गवत यावरच वन खात्याचे कागद चालले होते. ‘आणि तो बांबू जायचा कुठं?’ त्यानं विचारलं. म्हटलं, ‘माझ्याच कारखान्यात. तुमच्या वह्या पाइनच्या, आमच्या बांबूच्या.’ त्यानं आरशातून माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

शेवटचा टप्पा उरला तेव्हा त्यानं सगळ्यांना कामाला लावलं. माओरी माणूस आपली ओळख नावानं सुरू करत नाही. आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग पूर्वज ज्यातून आले ती होडी, मग माणसं, सर्वांत शेवटी स्वतः. आता प्रत्येकानं आपापली सांगा, म्हणाला. नातीला शाळेत शिकवलं होतं, तिनं घडाघडा सांगितलं: डोंगर रंगितोतो, समुद्र वाइतेमाता, होडी विमान.

माझी पाळी आली. नदी सोपी होती, वर्धा. होडीवर थोडा विचार केला आणि ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सांगितली. 1929 मध्ये काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास रेल्वे आमच्या गावातून धावू लागली. 1945 नंतर कारखाना निघाला तेव्हा तेलुगू, हिंदी, पंजाबी, बंगाली सगळे याच होडीतून उतरले. माझे वडीलही पत्र्याची पेटी घेऊन उतरलेले. डोंगराशी मात्र मी अडलो. बल्लारपूरला डोंगर नाही. जे उंच दिसतं ते नदीपलीकडच्या सास्तीच्या कोळसा खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे. पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवं येतं तेव्हा नवख्याला कळतही नाही. मी ‘सास्ती’ असं भारदस्त आवाजात सांगून मोकळा झालो.

‘खोटं!’ ही म्हणाली. तिचं माहेर राजुऱ्याकडचं. ‘माणिकगडचा डोंगर काय उडाला? तिकडून सगळा दिसते.’ दिसतो की नाही यावर आमचा मराठीत वाद झाला. बसमधल्या जर्मन, चिनी, कोरियन लोकांना तो आमच्या ओळखीच्या रीतीचाच भाग वाटला असावा, कारण तो संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

चालकानं विचारलं, नदी किती रुंद? मी विचारलं, कोणत्या महिन्यात? पावसाळ्यात समोरचा काठ दिसत नाही, उन्हाळ्यात बघावं तिकडे रेतीच रेती आणि तिच्यातून ट्रॅक्टर, ट्रक बिनदिक्कत धावत असतात, तुमच्या किनाऱ्यासारखेच. लेकीनं ते भाषांतर करून सांगितलं. त्याला नवल वाटलं. त्यांच्याकडे यासाठी कायदा, मर्यादा, पाट्या. त्यानं विचारलं, ‘तुमच्याकडे नदीच्या रेतीत गाड्या न्यायला परवानगी असते?’

रेतीघाट, लिलाव, तहसीलदार हे सगळं इंग्रजीत कसं बसवावं याची मी जुळवाजुळव करत होतो. तोवर हिनं लेकीला सांगून टाकलं, ‘सांग त्याला, रात्री असते.’